कोतवाल बुकातला मुलगा

(तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका बाईच्या रोजनिशीतील पाने)

१६ जून २०२५, सोमवार

शाळा सुरू झाल्या. कोर्टाच्या आवारात हे कळायला कॅलेंडर लागत नाही. स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलापुढे पक्षकार कमी आणि आईबाप जास्त दिसायला लागले की समजायचं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रीमीलेअर, जातीचा दाखला. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. कुठला कागद कशाला लागतो हे माहीत नसतं, म्हणून सगळेच कागद दोन-दोन प्रतींत. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी एक बाई पाचशेची नोट घडी घालून मुठीत धरून रांगेत उभ्या. “कुणी सांगितलं स्टॅम्प आणायला?” “समदेच घेत्यात की.” रांगेतून बाहेर काढलं. व्हेंडर दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

संध्याकाळी ऑफिसात वडार वस्तीवरची एक पोर वडिलांना घेऊन आली. बारावी झाली आहे, पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली आहे आणि गुण चांगले आहेत. जातीचा दाखला आहे. जात वैधतेच्या अर्जात मात्र त्रुटी निघाली : विमुक्त जातींसाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१, त्याआधीचा वडिलांकडच्या नात्यातला पुरावा जोडा. घरातला सगळ्यात जुना कागद म्हणजे वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्म १९७६.

“आजोबा शाळेत गेले होते?”

वडील हसले. “दगड फोडणाऱ्याला कुठली शाळा, सायेब. आज हितं पाल, उद्या तिथं.”

वैधता मिळाली नाही तर पोर खुल्या गटात ढकलली जाईल, म्हणजे फी भरा. नाना (माझे कारकून; कोर्ट मला ओळखतं त्यापेक्षा त्यांना जास्त ओळखतं) चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “बाई, आजा जन्मला कुठं ते आधी काढा. बाकीचं बघू.”

१९ जून, गुरुवार

जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवी-आठवीची मुलं कोर्ट बघायला आणली. फौजदारी कोर्ट खुलं असतं, कुणीही येऊन मागच्या बाकावर बसू शकतं, हे त्यांच्या गुरुजींनाही नवीन होतं. न्यायाधीश साहेबांच्या कानावर घातलंच होतं. साहेबांनी मुलांकडे बघून पंखा वाढवायला सांगितला.

पहिली निराशा हातोड्याची. हातोडा कुठेच नाही. दुसरी गीतेची. साक्षीदाराने गीतेवर हात न ठेवताच शपथ घेतली, तेव्हा एक जण शेजारच्याला म्हणाला, “मग हे खोटं कोर्टय का रं?” शिपायाने डोळे वटारले, पण तोही ओठांत हसत होता.

केस बांधावरच्या मारामारीची. पंच उभा राहिला. पंचनामा दाखवला, सही माझी, मजकूर माहीत नाही, पोलिसांनी सही कर म्हटलं म्हणून केली. आम्हा वकिलांना हे इतकं पाठ आहे की सरकारी वकिलांनी मान वर न करता पंचाला फितूर जाहीर करायची परवानगी मागितली. मुलांना ते पाठ नव्हतं.

बाहेर लिंबाखाली बसून शंकासमाधान. दोन वेण्या घातलेली एक मुलगी : “ते आजोबा खोटं बोलले. त्यांचे कान लाल झाले होते.” मी म्हटलं, असेलही. “खोटी साक्ष दिली तर काय होतं?” भारतीय न्याय संहितेचं कलम २२९, सात वर्षांपर्यंत शिक्षा. “तुम्ही अशी शिक्षा झालेली किती जणांना बघितलीय?” मी म्हटलं, एकालाही नाही. गुरुजी खोकले. माझ्या मते तासाभरातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, आणि त्यावर गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेणं मला जमलं नसतं.

मग तिनेच विचारलं, बायका पहिल्यापासून वकील व्हायच्या का? कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगितली. जन्म आपल्या नाशिकचा, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून सनद नाही. पडद्यातल्या जमीनदारणींची कामं सल्लागार म्हणून करत राहिल्या, आणि १९२३ मध्ये स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा आला तेव्हा पन्नाशी उलटली होती. “मग त्यांनी सोडून का नाही दिलं?” या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आत शाळेची गाडी आली.

२० जून, शुक्रवार

बोर्ड लांबलचक, कामं दोन, बाकी तारखा. पाऊस.

२३ जून, सोमवार

वस्तीवर गेले. पोरीची आजी बाहेर खाटेवर बसलेली. नजर अधू, कान शाबूत. सासू काय सांगायची ते आठवून सांगा म्हटलं. आजी आधी सासूने तिला किती छळलं ते सांगायला लागली. ते ऐकून घ्यावं लागतं. घाई केली की म्हातारी माणसं गप्प होतात. अर्ध्या तासाने मुद्दा आला : कालव्याच्या कामावर होते सगळे, माळशिरसाच्या अंगाला. पालखी उतरते ते गाव. “अर्धनारीच्या देवळामागं पालं होती. तितं सासू बाळंत झाली, आन् तिसऱ्या दिशी पाटी उचलली.”

नाना तिथल्या तिथे म्हणाले, “वेळापूर.” अर्धनारी नटेश्वराचं देऊळ त्या बाजूला दुसरं कुठलं?

म्हणजे आता वेळापूरचं कोतवाल बुक. गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, गाव नमुना चौदा. शाळेत कधीच न गेलेल्या माणसाचा सरकारदरबारी कागद असलाच तर तिथेच असतो. नानांचं म्हणणं, आषाढी होऊ द्या. महसूलची सगळी माणसं पालखीच्या कामाला लागलेली असणार, रेकॉर्डमध्ये कोण भेटतंय? पोरीचा चेहरा उतरला. तिला कामाला लावलं. पणजोबाला मुलं किती, कोण कुठे झालं, कोण लहानपणी गेलं, आजीकडून सगळं वहीत उतरवून घे.

२६ जून, गुरुवार

शाहू जयंती. एका संस्थेत प्रमुख पाहुणी. शाल, श्रीफळ, गुच्छ, आणि “पाहुण्यांच्या परिचयाची आवश्यकता नाही” असं म्हणून केलेला लांबलचक परिचय. गुणवंतांना वह्या वाटल्या. प्रत्येक वहीच्या मुखपृष्ठावर संस्थाचालकांचा फोटो. मुलं उन्हात उभी, आम्ही मांडवात.

मला “तरुणांना प्रेरणा” हा विषय दिला होता. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तिथून सुरुवात केली. मग आपल्या सोलापूरवर आले. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. सनदेच्या पैशांसाठी मित्र नवल भथेना उपयोगी पडले होते. अशिलांची रांग लागली होती असं नाही. क्लास घेऊन, शिकवून संसार चालायचा. आणि त्याच दिवसांत, १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापुरात वसतिगृह उघडलं. शिका, असं सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते. पोरांनी रात्री पाठ कुठे टेकायची हे या दोघांनी बघितलं.

आपल्या संस्थेच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, परीक्षेच्या दिवसांत वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना रात्री अभ्यासाला उघडून द्याव्यात, असंही बोलून टाकलं. टाळ्या कमी झाल्या. आभारप्रदर्शनात “मॅडमच्या मौलिक सूचनेचा विचार करू” आलं. शाल घरी आल्यावर आक्काच्या हवाली. थंडी पडली की ती सगळ्या शाली कोर्टामागच्या वस्तीत वाटते. सत्काराचा मला दिसलेला एवढाच उपयोग.

२ जुलै, बुधवार

नवे फौजदारी कायदे लागू होऊन काल वर्ष झालं. बाररूममध्ये अजून सगळे “तीनशे दोन”च म्हणतात; एकशे तीन कुणाच्या तोंडी बसत नाही. फसवणूक आता तीनशे अठरात गेली, पण उद्या भांडणात कुणी कुणाला “तीनशे अठरा” म्हणेल असं वाटत नाही.

माझा ज्युनियर आज घुम्यासारखा बसला होता. हमालाचा मुलगा, घरात कोर्टाची पायरी चढलेला पहिलाच, तोही आरोपी म्हणून नव्हे. गेल्या वर्षी ३० जुलैला सुप्रीम कोर्टाने नोंदणी शुल्क साडेसातशेच्या वर घ्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून त्याची सनद साडेसातशेत झाली. त्याआधी राज्याराज्यांत हजारोंनी घेत होते. त्याचं लक्ष न्यायाधीशपदाच्या परीक्षेकडे. या मे महिन्यात त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आली.

अट मला पटते. कधी साक्षीदार न हाताळलेल्या, नाझरकडे कधी हेलपाटा न घातलेल्या माणसाने एकदम वर बसू नये. पण तीन वर्षं खायचं काय, हा प्रश्न त्या अटीत नाही. ज्याच्या बापाचं ऑफिस आहे त्याची तीन वर्षं एसीत जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने गेल्या ऑक्टोबरात ग्रामीण भागात ज्युनियरला महिना पंधरा हजार द्या अशी शिफारस केली. परिपत्रक आमच्याकडे मोठ्याने वाचून झालं आणि लोक पोट धरून हसले. मी देते ते पंधरा नाहीत. पण एक तारखेला देते, आणि “शिकायला मिळतंय ना” हे वाक्य माझ्या ऑफिसात बंद आहे.

त्याला म्हटलं, मंगळवारी मी नाही. दोन प्रकरणं आहेत, एकात उलटतपास. तू कर.

“मी? एकटा?”

“नाना पण माझ्याबरोबर येणार आहेत. म्हणजे एकटाच.”

८ जुलै, मंगळवार

रेकॉर्डमधलं कोतवाल बुक कापडात बांधलेलं. गाठ सोडली तशी भुसा झालेली कडा टेबलावर सांडली. शाई तपकिरी पडलेली, अक्षर मोडी, शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. बरोबर मोडी वाचणारे निवृत्त गुरुजी होते. ते पानाला हात लावायच्या आधी रुमालाने बोटं पुसत. १९३६ पासून सुरुवात. पटकी, देवी, बाळंतरोग, ताप. मृत्यूची पानं जन्माच्या पानांपेक्षा गच्च भरलेली. पोर गुरुजींच्या खांद्यावरून बघत होती.

दुपारी दोननंतर, १९४१ च्या ऑगस्टात, गुरुजींचं बोट थांबलं. बापाचं नाव : तिच्या पणजोबांचं. जात : वडर. पुढे : मुलगा.

तिने विचारलं, “आणि आजोबांचं नाव?”

नाव नाही. जन्माच्या वेळी बारसं झालेलं नसे, पोलीस पाटील बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच लिहून मोकळा होई.

“म्हणजे हा मुलगा दुसरा कुणीही असू शकतो.”

“जात पडताळणी समितीचं दक्षता पथक हेच विचारणार. काय सांगशील?”

ती काही बोलली नाही. नक्कल-अर्जावर कोर्ट फी लावून होईपर्यंत वही काढून बसली. मग म्हणाली, पणजोबांना मुलगे तीन. थोरले कालव्यावर यायच्या आधी झाले, आजी म्हणते तेव्हा पालं कर्नाटकाकडे होती. धाकटे स्वातंत्र्यानंतरचे, त्यांचा वर्षभराचा शाळेचा दाखला चुलत्याकडे आहे, त्यावर १९४९. “वेळापुरात झालेला मुलगा एकच उरतो, मॅडम.”

त्या धाकट्याच्या दाखल्याबद्दल घरात आम्हाला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. १९६१ च्या आधी तो शाळेत गेला असेल आणि दाखल्यावर जात असेल तर तोही पुरावाच. नानांनी कपाळाला हात लावला.

परतताना ज्युनियरचा फोन. उलटतपास झाला. सतरा प्रश्नांपैकी न्यायाधीशांनी चार नामंजूर केले, साक्षीदार एका ठिकाणी घसरला. तो ते एकच ठिकाण पुन्हा पुन्हा सांगत होता.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. गुच्छ घेऊन आलेल्यांना गुच्छासकट ग्रंथालयात पाठवलं. चुलत्याचा कागद आला : १९५६ मध्ये पहिलीत नाव, जातीच्या रकान्यात “हिंदू वडार”. पेढे मी वाटले.

१२ जुलै, दुसरा शनिवार

कोर्टाला सुट्टी, ऑफिस उघडं. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा पोरीलाच लिहायला लावला. पहिलं वाक्य : “अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत दऱ्याखोऱ्यांत दगड फोडून ज्यांनी देशाचे कालवे बांधले अशा माझ्या पूर्वजांचा...” मी खोडलं.

“पण ते खरं आहे, मॅडम.”

“खरं आहे. मुद्द्याचं नाही. कोण कुणाचा मुलगा, कुठे, केव्हा, कुठल्या कागदावरून. एवढंच.”

ती भांडली. कालवा नसता तर वेळापूर नसतं, म्हणजे कालवा मुद्द्याचा आहे. ज्युनियरने तिची बाजू घेतली. शेवटी कालवा राहिला, हलाखी आणि दऱ्याखोरी गेली. दुसऱ्या मसुद्यात सात परिच्छेद, प्रत्येकापुढे कागदाचा अनुक्रमांक.

सोमवारी वडील सहीला येतील. आजीचंही प्रतिज्ञापत्र करायचं आहे, म्हणून तिचं आधार मागवून बघितलं. त्यावर आजीचा जन्म १९५५ चा आणि थोरल्या मुलाचा १९६४ चा. त्याचं काय करायचं ते नाना बघतायत.