आवाजाचा पत्ता

मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा जो अनुकरणवाचक नावाचा प्रकार सांगितला जातो, म्हणजे ज्या शब्दांत एखाद्या ध्वनीचेच अनुकरण साधलेले असते, त्या शब्दांचा जुन्या मोटारीच्या दुरुस्तीत होतो तितका काटेकोर उपयोग अन्यत्र क्वचितच आढळतो. टिकटिक, करकर, खडखड, घरघर हे शब्द तेथे एकमेकांना पर्याय ठरत नाहीत. प्रत्येकाचे गाडीत स्वतंत्र ठिकाण असते, आणि ‘आवाज येतो’ एवढेच सांगणाऱ्या मालकापेक्षा ‘वळताना घरघरते’ असे सांगणारा मालक मेकॅनिकचे निम्मे काम आधीच करून ठेवतो.

मुंबईपुरते पाहायचे, तर या शब्दांचे शिक्षण शहराला प्रामुख्याने एकाच गाडीने दिले. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 या इटालियन नमुन्यावर बांधलेली ही मोटार पुढे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घराघरांत ओळखीची ठरली. तिचे 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे, त्याच्या जोरावर फिरणारी चाके मागे, दोहोंना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट नावाचा लांब फिरता दांडा मध्ये आणि मागच्या बाजूला एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे, म्हणजे कमानपाट्यांचे, आधार अशी तिची उघड व सोपी रचना होती. त्यामुळे झिजणाऱ्या प्रत्येक भागाला स्वतःचा आवाज होता आणि तो ओळखता येत असे.

शोधाची सुरुवात मात्र पाना हाती घेऊन होत नाही. प्रथम डिकी रिकामी करावी लागते, कारण सुटा जॅक किंवा स्टेपनीचा सैल बोल्ट हे कारण शेवटी सापडले, तर तोवर बरेच काही व्यर्थ खोललेले असते. त्यानंतरचा प्रश्न सर्वांत निर्णायक असतो: आवाज इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो की चाकांच्या? उभ्या गाडीत, गिअर न टाकता, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर टिकटिक वाढली, तर संशय टॅपेटवर, म्हणजे झडपा उघडणाऱ्या यंत्रणेतील ढिल्या अंतरावर, जातो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडत असल्याने मिनिटाला 800 फेऱ्यांच्या संथ गतीत एका झडपेची टिकटिक 400 वेळा होते, आणि सरावलेला कान ही अर्धी लय लगेच पकडतो. उलट, चालती गाडी न्यूट्रल करून नुसती घरंगळू दिली असता घरघर गाडीच्या वेगाबरोबरच मंदावत गेली, तर दोष चाकांकडचा असतो. उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे सरकतो, म्हणून तेव्हा घरघर वाढल्यास डाव्या चाकाचे बेअरिंग तपासावे लागते. गिअर टाकून क्लच सोडताच येणारा ‘ठक्’ असा एकच ठोका बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या ‘क्रॉस’चा, म्हणजे दांड्याला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याचा, असतो, आणि खड्ड्यातली करकर ही कोरड्या पडलेल्या कमानपाट्यांची किंवा त्यांच्या टोकांच्या रबरी बुशांची असते.

या तपासणीला जागाही अनुकूल लागते. कोटात आणि नंतर कुलाब्यात रचल्या जाणाऱ्या कापसाच्या गाठी विसाव्या शतकात ज्या भागात हलवल्या गेल्या, त्या कॉटन ग्रीनमध्ये गोदामांच्या लांबच लांब भिंती आहेत. अशा भिंतीलगत काच खाली करून गाडी सावकाश नेली, की एरवी मोकळ्या हवेत विरून जाणारा आवाज भिंतीवर आपटून चालकाच्या कानाशी परततो. मग तीच भिंत दुसऱ्या बाजूला ठेवून परतताना आवाज मोठा झाला की लहान, यावरून दोषाची बाजू ठरवता येते.

तरीही कान फसतो, आणि त्याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. पोलादात ध्वनी हवेच्या जवळजवळ पंधरापट वेगाने जातो आणि पत्र्याचा मोठा पृष्ठभाग सापडला की तेथूनच मोठ्याने बाहेर पडतो, त्यामुळे मागच्या बुशाची तक्रार समोरच्या डॅशबोर्डातून ऐकू येऊ शकते. म्हणून मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक संशयित भागावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावतो. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपचेच हे काम, आणि फिरत्या पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवण्याची सावधगिरी त्यात गृहीत धरलेली असते.

मराठीत ‘कुरकुर’ म्हणजे तक्रार आणि ‘घरघर लागणे’ म्हणजे अखेर जवळ येणे, हे अर्थ याच ध्वनींपासून घडले, आणि जुनी गाडी आयुष्यभर त्याच क्रमाने बोलते. कुरकुरीकडे वेळीच लक्ष दिले, तर काम ग्रीसवर किंवा एका बुशावर भागते; दुर्लक्षित बेअरिंग मात्र अखेरीस चाकालाच धोक्यात आणते. आजच्या मोटारींत संगणक इंजिनाचे कित्येक दोष स्वतः नोंदवतो, पण झिजलेल्या बुशाची करकर तो नोंदवत नाही. ती आजही कानानेच शोधावी लागते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर तिचा प्रवास थांबला. तिने घडवलेले कान अद्याप गॅरेजांतून आहेत. म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांनी पुढचा आवाज आल्यावर रेडिओचा आवाज वाढवू नये. काच खाली करावी, आवाज केव्हा येतो ते लिहून ठेवावे आणि त्याला नेमका मराठी शब्द द्यावा.