भांडणाऱ्या बायका

आरोग्य खात्यातल्या माणसाने संपावर जाऊ नये, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टर होते तेव्हा मार्डने, म्हणजे आमच्याच संघटनेने, संप पुकारला की माझी चिडचिड व्हायची. पहाटेच्या एसटीने आलेली माणसं ओपीडीबाहेर ताटकळत बसलेली आणि आमचे लोक गेटवर घोषणा देतायत, हे मला बघवत नसे. मागण्या रास्त असतील, पण पेशंटला वेठीला धरून काही मागायचं नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी झाले आणि तेच वाक्य हाताखालच्या लोकांना ऐकवू लागले. सरकारने अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालणारा मेस्मा लावला की सगळीकडे ओरड होई. मला मात्र तो कायदा मनातून पटायचा.

माझं हे मत फिरलं ते कोविडच्या दुसऱ्या वर्षी. ते फिरवलं दोघीजणींनी. एक कायम भांडणारी होती आणि एक कधीच न भांडणारी.

भांडणारी आमची एक आशाताई. तिचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाला आशा म्हणजे घरोघरी फिरणारी कुणीतरी बाई एवढंच ठाऊक असतं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात साधारण हजार लोकसंख्येमागे एक अशा या बायका नेमायचं ठरलं. कागदोपत्री त्या स्वयंसेविका. पगार नाही, कामानुसार मोबदला. बाळंतपणाला दवाखान्यात नेलं त्याचे इतके, लसीकरण पूर्ण केलं त्याचे तितके. मार्च २०२० मध्ये पुण्यात पहिले रुग्ण सापडले आणि पंधरा दिवसांत मुंबई-पुण्याची माणसं गावाकडे लोटली. कोण कुठून आलं, हातावर विलगीकरणाचा शिक्का आहे का, घरात किती म्हातारी माणसं, कुणाला शाळेत ठेवायचं, या सगळ्या याद्या आशांनी केल्या. ज्यांच्या दारात त्या इतकी वर्षं हक्काने जात, त्याच दारांना आतून कड्या लागल्या. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं. तापमापक गन आणि ऑक्सिमीटर घेऊन एका पथकाने दिवसाला पन्नास घरं करायची, संध्याकाळी मोबाइलवर माहिती भरायची, रात्री व्हिडिओ बैठकीत वरच्या साहेबांनी विचारलं की आम्ही खालच्यांना विचारायचं. आणि या जादा कामाचा केंद्र सरकारचा भत्ता महिना १००० रुपये. दिवसाचे तेहतीस!

तर ही आशाताई दर आढावा बैठकीत उभी राहायची. ऑक्सिमीटरचे सेल कोण भरणार? माहिती माझ्या मोबाइलवरून जाते, रिचार्ज कुणाचा? मास्क धुऊन धुऊन विरला, दुसरा कधी? पॉझिटिव्ह माणसाच्या घरी मी जाते, मग माझ्या घरी सासू आहे तिचं काय? मी म्हणायची, ‘ताई, सगळं जग संकटात आहे, आत्ता हिशोब काढू नका.’ ती खाली बसायची आणि पुढच्या बैठकीला तीच यादी घेऊन परत उभी. मला ती डोकेदुखी वाटायची, हे लपवून उपयोग नाही.

दुसरी आमची सिस्टर. हिने कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. नाईट लावली, केली. सुट्टी रद्द झाली, बरं म्हणाली. कोविड केअर सेंटरला पाठवलं, तिथे पीपीई किट घालून सहा-सहा तास पाण्याचा घोट न घेता उभी राहिली. मी इतरांना तिचंच उदाहरण द्यायची. एप्रिल २०२१ मध्ये बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिविरसाठी नातेवाईक जिल्हाभर वणवण करतायत अशी स्थिती होती. त्या दिवसांत एक माणूस बायको गेल्याचं कळल्यावर टेबलापाशी मटकन खाली बसला. सिस्टरने त्याच्याकडे आधार कार्ड मागितलं, नंबर उतरवून घेतला, फॉर्मवर त्याची सही घेतली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. आवाज चढलेला नव्हता, कपाळावर आठीही नव्हती. काय धीराची बाई आहे, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

काही आठवड्यांनी तिने राजीनामा आणून दिला. मी कारण विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, मला आता काही वाटतच नाही. घरी मुलगा तापाने फणफणला होता आणि मी फक्त त्याची लक्षणं मोजत बसले होते.’ थोडे दिवस रजा घे म्हटलं, माणूस मागवून घेऊ म्हटलं. तिने ऐकून घेतलं. वाद घातला नाही. वाद घालण्याइतकं तिचं त्या कामाशी आता काही उरलंच नव्हतं.

याच सुमारास आमच्यासाठी ऑनलाइन मनःस्वास्थ्य शिबिर झालं होतं. वेळ दुपारी चारची, ऐन लसीकरणाच्या गर्दीतली. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा. निम्म्या जणींनी मोबाइल म्यूट करून टेबलावर ठेवला आणि सिरिंज भरत राहिल्या. हजेरी मात्र शंभर टक्के लागली, तसा अहवालही गेला. मीच पाठवला.

१५ जूनला राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या, सुमारे सत्तर हजार बायका. आमच्याकडे सगळ्यांत पुढे तीच आशाताई. मला गैरहजरांची यादी वर पाठवायची होती. रागाने लिहायला बसले. एकेक नाव लिहिताना लक्षात येत गेलं, की ज्या बैठकीत भांडायच्या त्या सगळ्या या यादीत आहेत, आणि वाडीवरच्या कुठल्या म्हाताऱ्याचा दुसरा डोस राहिलाय, कुठली बाई आठव्या महिन्यात आहे हे तोंडपाठ असणाऱ्याही याच आहेत. त्यांना अजून राग येत होता. हे काम बरं चालावं, त्यात आपल्याला माणसासारखं वागवावं, अशी त्यांची अजून अपेक्षा होती. संप करणं म्हणजे काम सोडणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. काम खरं सोडलं होतं ते माझ्या आदर्श सिस्टरने, तेही राजीनाम्याच्या कितीतरी आधी, खुर्चीत बसल्या बसल्या.

नंतर वाचनात आलं, की बर्नआउटचं पहिलं नीट वर्णन १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने केलं ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांना पाहून. तो स्वतः दिवसा आपली प्रॅक्टिस करून संध्याकाळी तिथे राबायचा. ध्येयाने आलेली, कामाला वाहून घेतलेली माणसं आधी कोळपतात, हे त्याने पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तीही नोकरीशी बांधलेली आहे: कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न हाताळल्याने होणारी अवस्था. शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने तुटणं आणि हातून काही होत नाही असं वाटणं, ही तिची तीन लक्षणं. संघटना तिला आजार म्हणत नाही. मग तिच्यावर श्वासाचे व्यायाम लिहून देणाऱ्या आम्ही कोण? सिस्टरमधली दुसऱ्या लक्षणाची खूण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला धीर म्हणत होते. डॉक्टर असून!

आता संप म्हणजे सगळं चांगलंच, असं मी म्हणणार नाही. त्या आठवडाभरात आमच्या दोन वस्त्यांवर लसीकरणाचं सत्र जवळजवळ रिकामं गेलं; म्हाताऱ्यांना घरातून बोलावून आणणारं कुणी नव्हतं आणि आमच्या शब्दावर ते हलले नाहीत. ही किंमत खरी माणसं मोजतात. कॅज्युअल्टी, आयसीयू आणि प्रसूतिगृह बंद पाडून संप करावा, हे मला आजही मान्य नाही. पण आशांसारखी दाद मागायची दुसरी सोय ज्यांना नाही, त्यांना ‘सेवा आहे, गप्प बसा’ म्हणण्याचा हक्क मला उरलेला नाही. १५ जूनचा संप २३ला मिटला. आशांना महिना हजाराची वाढ आणि पाचशेचा कोविड भत्ता मिळाला. त्याच बायकांना पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात गौरवलं. आशाताईला मी ती बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘बरं झालं मॅडम. ऑक्सिमीटरच्या सेलचं काय झालं?’

सेलचं काही झालं नव्हतं. मग ते मी आरोग्य केंद्राच्या खर्चातून घेतले. आधीही घेता आले असते.

आता बैठकीत कोण भांडतंय याची मला धास्ती नसते. गेले दोन-तीन महिने कोण बोललेलं नाही, ते मी बघते, आणि शक्य तिथे त्या बाईची रजा विचारायच्या आधी मंजूर करते. जागा रिक्त असताना हे अवघड जातं, वरून विचारणाही होते. तरी माझ्यासारख्या तालुक्या-तालुक्यात बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढच्या साथीआधी आपल्या ड्युटी चार्टवर एकदा नजर टाका, आणि ज्या नावाकडून कधीच तक्रार आली नाही त्या बाईला आजच बोलावून घ्या.