तेच की दुसरं?

बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर मला आता वाचता येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, भिंगही आणलं. पूर्वी बोटानं ग्रीस पुसलं की ते बारीक आकडे दिसायचे, आता यंत्रातून काढलेल्या काळ्या पडलेल्या कड्यावर नुसती खरखर लागते. त्यामुळे नंबर वाचायचं काम माझ्या हाताखाली आलेली मुलगी करते. ती राजनांदगावच्या मराठी घरातली, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. मला काका म्हणते. ती वाचते, मी ऐकतो, आणि मग दोघांचा वाद सुरू होतो. हा लेख त्या वादातूनच आला आहे.

कारखान्याच्या भांडारातल्या सुट्या भागांना नाव आणि कोड देणं हे माझं काम. या कामात सगळं येऊन एकाच प्रश्नाशी थांबतं: समोर पडलेली वस्तू म्हणजे यादीत आधीच असलेली तीच वस्तू, की ही दुसरी? तीच असेल तर नवा कोड द्यायचा नाही. दुसरी असेल तर जुना कोड चालणार नाही. सांगायला एवढंच आहे. पण अख्खी नोकरी या प्रश्नात गेली, आणि भिलाईच्या सेक्टर 2 मधल्या घरी बसून अजूनही मी रात्री त्याचाच विचार करतो.

भिलाईत हा प्रश्न जास्त चिवट आहे, आणि त्याला कारण आहे. 2 फेब्रुवारी 1955 ला इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाबरोबर करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पुढच्या भरतीत माझे वडील वर्धा जिल्ह्यातून इथे आले आणि आम्ही सेक्टर 2 चे झालो. यंत्रं रशियातून आली, तशी ड्रॉइंगं आली, पोलादाच्या प्रतींची नावं आली आणि बेअरिंगचे नंबरही आले. मी स्वतः त्या मोठ्या कारखान्यात नव्हतो. त्याच्या आधारानं औद्योगिक क्षेत्रात जे कारखाने उभे राहिले, रशियन ड्रॉइंगवरून स्पेअर बनवणारे, जुनी रशियन यंत्रं चालवणारे, त्यांच्या भांडारांत मी काम केलं. तिथे एका फळीवर रशियन पद्धतीचा नंबर आणि शेजारच्या फळीवर बाकी जगाचा नंबर, असं दोघांचं नांदणं नेहमीचं होतं.

उदाहरण सांगतो. स्फेरिकल रोलर बेअरिंग, भोक 100 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 180, रुंदी 46. याला जग 22220 म्हणतं. रशियन गोस्त मानकात त्याचा नंबर 3520. दोन्हींत शेवटचे दोन आकडे 20. त्यांना पाचानं गुणलं की भोक मिळतं. ज्याला हे ठाऊक आहे तो दोन कोड बघताक्षणी एक करतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्या यादीत एकच वस्तू दोन नावांनी वर्षानुवर्षं पडून राहते. एका कोडवर शिल्लक शून्य दिसते म्हणून खरेदीचा कागद निघतो, आणि दुसऱ्या कोडखाली तेच बेअरिंग खोक्यात असतं.

एकाच वस्तूची ही दोन नावं मला फार सतावत नाहीत. मला भीती वाटते ती उलट्या प्रकाराची. एकच नाव आणि वस्तू दोन. रशियन 7310 म्हणजे टेपर रोलर बेअरिंग, जगाच्या भाषेत 30310. पण जगातही 7310 आहे, आणि ते अँग्युलर कॉन्टॅक्ट बॉल बेअरिंग आहे. एकात निमुळते रोलर, दुसऱ्यात गोळ्या. आता व्हर्निअर लावून पाहा. भोक दोन्हीकडे 50. बाहेरचा व्यास दोन्हीकडे 110. रुंदीत फरक जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटरचा. म्हणजे नंबर जुळतो, दोन मापं जुळतात, आणि तरी वस्तू दुसरी. एका कारखान्यात रशियन गिअरबॉक्ससाठी निघालेल्या मागणीत नुसतं ‘7310’ लिहिलेलं मी पाहिलं आणि कागद अडवला. ड्रॉइंग मागवलं. त्यात रोलर होते. खरेदी होण्याआधी ते सुधारलं. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

अक्षरांचंही असंच आहे. रशियन लिपीतला ‘र’ इंग्रजी ‘पी’सारखा दिसतो, ‘स’ ‘सी’सारखा, ‘न’ ‘एच’सारखा, ‘झ’ तर थेट 3 च्या आकड्यासारखा. ड्रॉइंगवरचा नंबर एकानं दिसला तसा टाइप केला, दुसऱ्यानं उच्चाराप्रमाणे, की एकाच भागाचे दोन कोड झालेच. पोलादाच्या प्रतीत 40 पुढे ‘एक्स’सारखं अक्षर येतं. तो रशियन ‘ख’ आहे आणि त्याचा अर्थ क्रोमियम. ते अक्षर गुणिले समजून ‘40 बाय’ अशी नोंद केलेली मी पाहिली आहे. पुढचं माप रिकामं. पोलादाची प्रतच मापाच्या रकान्यात जाऊन बसली होती.

मग ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एका संगणकावर चालवणारी यंत्रणा, आली. त्यातल्या सॅपमध्ये वस्तूच्या वर्णनाला 40 अक्षरांची जागा असते. लांब मजकुरासाठी वेगळी खिडकी आहे, पण रात्रपाळीचा माणूस ती उघडत नाही. तो ओळीतलं वाचतो. बेअरिंग, रोलर, स्फेरिकल, मग 22220, मग सीसी/डब्ल्यू33, मग सी3. हे इंग्रजीत स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून लिहिलं की बरोबर 40 होतात. त्यात निमुळत्या भोकाचा ‘के’ आला की 41. एक्सेलमधून एकगठ्ठा नोंदी चढवताना शेवटचं अक्षर कापलं जातं. सी3 मधला 3 जातो आणि नुसता सी उरतो. म्हणून 40 अक्षरांत काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं अवघड. मी ‘स्फेरिकल’ आखडतो. ती म्हणते, काका, शोधणारा पूर्ण शब्द टाकून शोधतो, त्याला हे सापडणारच नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे. पण सी3 गेलेला मला चालत नाही.

सी3 म्हणजे आतली ढील नेहमीपेक्षा जास्त. लाल पोलाद ज्या रोलर टेबलवरून धावतं तिथे शाफ्ट तापतो, बेअरिंगचं आतलं कडं बाहेरच्यापेक्षा जास्त फुगतं, आणि साध्या बेअरिंगमधली ढील संपून ते जाम होतं. म्हणून तिथे सी3. थंड, सावकाश फिरणाऱ्या कन्व्हेअरच्या पुलीला साधं चालतं, आणि अडचणीत सी3 ही चालून जातं. आता सांगा, साधं 22220 आणि सी3 चं 22220 ही एकच वस्तू की दोन? पुलीजवळ उभं राहून विचाराल तर एक. रोलर टेबलजवळ उभं राहून विचाराल तर दोन. सी3 साध्याच्या जागी बसतं, साधं सी3 च्या जागी बसत नाही. म्हणजे हा तेचपणा एकतर्फी आहे. संगणकाच्या यादीला बरोबरीचं चिन्ह कळतं. दोन कोड जोडा नाहीतर वेगळे ठेवा, एवढंच ती विचारते. एका दिशेनं बरोबर आणि दुसऱ्या दिशेनं चूक हे तिला वेगळं बसून शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला कुणी पैसे देत नाही.

याच मुद्द्यावर माझं यादी साफ करणाऱ्या कंपन्यांशी कधी पटलं नाही. ही मंडळी ओळीमागे दर लावतात. दूरच्या शहरात बसून, एकही वस्तू हातात न घेता हजारो ओळी ‘स्वच्छ’ करून देतात, आणि शेवटी किती डुप्लिकेट काढले याचा तक्ता व्यवस्थापनापुढे मांडतात. तक्ता छान दिसतो. पण दोन कोड राहिले तर पैसा अडकतो, आणि चुकीचे दोन कोड एक झाले तर यंत्र थांबतं. अडकलेला पैसा पुढच्या वर्षी सुटतो. थांबलेल्या रोलिंग मिलचा तास परत मिळत नाही. मी डुप्लिकेटच्या बाजूचा माणूस आहे. शंका असेल तर दोन कोड राहू द्यावेत, असं मी भर बैठकीत म्हणत आलो, आणि त्यामुळे मला जुन्या वळणाचा ठरवलं गेलं.

हा प्रश्न कारखान्यांपुरता नाही, आणि मोठ्यांनाही सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला आपल्या सैन्यांच्या सगळ्या शाखांसाठी वस्तूंची एकच यादी हवी झाली, आणि त्यासाठी 1952 मध्ये कायदा करावा लागला. आज नाटोच्या पुरवठ्यात प्रत्येक वस्तूला 13 अंकी क्रमांक असतो. आपल्याकडे पाहायचं तर पुण्याचं पेशवे दफ्तर आहे. कागद रुमालांत बांधलेले, ढिगानं. गोविंद सखाराम सरदेसाईंनी 1930 पासूनच्या काही वर्षांत त्यातून निवडून 45 खंड काढले. ते खंड हातात घेतले की मला इतिहासाआधी भांडार आठवतं. कागद असणं वेगळं आणि हवा तो कागद सापडणं वेगळं. मधलं अंतर कुणीतरी रुमाल सोडून, वाचून, निवडून कापलेलं असतं. त्या निवडणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटलं त्यावर पुढच्या पिढ्यांना काय दिसणार हे ठरतं.

आमच्या भांडारात एक जुने छत्तीसगढी फिटर होते. सगळे त्यांना कका म्हणायचे. बेअरिंग हातावर घेऊन कडं फिरवायचे, कानाजवळ न्यायचे, आणि म्हणायचे, ‘‘ये ह वो नोहय.’’ हे ते नाही. मग मी नंबर तपासायचो आणि बहुतेक वेळा शेपटाचं एखादं अक्षर वेगळं निघायचं. कोणत्या टेबलच्या कोणत्या रोलला काय लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं. मी त्यांच्याजवळ बसून ते वहीत उतरवलं. कका गेले. ते गेल्यावर ही माहिती फक्त माझ्या वहीत उरली. वही माझ्या कपाटात आहे.

इथे मला एक गोष्ट मोकळेपणानं सांगायची आहे. रात्री दीडला मिलमधून फोन यायचा, पलीकडून कुणीतरी नंबर सांगायचं, आणि मी अंथरुणात उठून बसत म्हणायचो, तो कोड सोड, खालच्या फळीवर दुसरा आहे, तो बसेल. त्या फोनची मला गोडी होती. बायको वैतागायची, मी खूश असायचो. सगळी यंत्रणा एका बाजूला आणि मी एका बाजूला, आणि शेवटी विचारणा मला, हे सुख फार मोठं होतं. माहिती यंत्रणेत जावी यासाठी मला पगार मिळत होता, आणि ती थोडी माझ्याकडेही राहावी असं मनात होतं. हे दोन्ही एकाच माणसात सुखानं राहतं.

आता या मुलीनं काय केलं ते सांगतो. तिच्याकडे एक प्रोग्राम आहे, तो वर्णनं ताडून कोणते कोड सारखे असावेत ते टक्क्यांत सांगतो. पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही 7310 शेजारीशेजारी आणून ठेवले, जवळजवळ पूर्ण जुळणीचे म्हणून. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं ते जोडले नाहीत. ती उठली, फळीवरून दोन्ही काढून आणली, एकातले रोलर आणि दुसऱ्यातल्या गोळ्या पाहिल्या, आणि मला म्हणाली, ‘‘काका, यांना जोडायचं नाही, यांच्यामध्ये भिंत घालायची.’’ मग तिनं यादीच्या बाहेर आपलं एक वेगळं कोष्टक केलं. त्यात प्रत्येक ओळीला जागा आहे: कोड, कुठे बसतं, कुणाच्या बदल्यात चालतं, उलट चालतं की नाही. बाण एकाच दिशेचा. मी जे अख्खी नोकरी बैठकीत तोंडानं सांगत राहिलो ते तिनं चार रकान्यांत बसवलं. तिची वर्णनंही माझ्यापेक्षा चांगली आहेत. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी तिच्यात खोट शोधत दोन दिवस घालवले.

तिला आता माझी वही हवी आहे. मी ती एकदम दिलेली नाही. रोज संध्याकाळी ती ऑफिसातून माझ्या घरी येते, अंगणातल्या आंब्याखाली बसते, मी एकेक पान वाचतो, ती विचारते, का? इथे सी3 का? इथे ‘के’ चा कोड बंद का केला? मला आवडतं म्हणून मी सावकाश वाचतो. पुष्कळ ठिकाणी कारण सांगता येतं. काही ठिकाणी फक्त ‘कका म्हणाले’ एवढंच आहे. ती तेही लिहून घेते. तिचा आग्रह आहे की कोष्टकात पाचवा रकाना असावा: हे कुणी सांगितलं. मला तो आधी पटला नाही. कोष्टकात वस्तू असावी, माणूस कशाला, असं मी म्हणालो. ती म्हणाली, उद्या यंत्र बदललं, तर यावर किती विसंबायचं हे सांगणाऱ्यावरून तर कळेल.

तो रकाना आता भरत आला आहे. कुठे ककांचं नाव आहे, कुठे एका वेल्डरचं, कुठे मिलमधल्या एका फोरमनचं. आठवतील तेवढी नावं मी प्रामाणिकपणे सांगितली, कारण त्यातलं बरंचसं माझं नव्हतंच. पण 7310 च्या पुढे माझं नाव लिही, हे मात्र मी तिला बजावून सांगितलं आहे.