काठी कोणाच्या मापाची?

आमचा धाकटा भाऊ सलालाहला असतो. ओमानचे हे दक्षिणेकडचे शहर आमच्या जयगड खाडीकाठच्या गावात इतके परिचयाचे आहे, की पोस्टमनसुद्धा आमच्या घराला 'सलालाहवाले' म्हणतो. भाऊ तिथे एका गोदामात आहे. नऊ वर्षे खोकी उचलली आणि मग कमरेचा मणका सरकला. मालकाने त्याला हिशेबाच्या टेबलावर बसवले, ही मेहरबानी. पुन्हा कंबर गेली तर नोकरी जाणार, आणि मग अब्बांचे औषधपाणी, बहिणीचे शिक्षण सगळे आमच्या मास्तरकीच्या पगारावर येणार.

अशा माणसाने फोन करून विचारावे, "भाय, मोठ्या माशासाठी रॉड कोणता घेऊ?"

आम्ही विचारले, "मोठा म्हणजे किती?"

"तीस-चाळीस किलो."

मासा म्हणजे जायंट ट्रेव्हली. आपल्याकडे ज्यांना कोकर म्हणतात त्यांच्याच घराण्यातला, पण घराण्याचा पैलवान. 2006 साली जपानमध्ये रॉडवर पकडलेला असा एक मासा 72.80 किलो भरला, तो जागतिक विक्रम आहे. धोफारच्या किनाऱ्यावर आणि हलानियात बेटांच्या खडकांभोवती हा मासा फिरतो. जून ते सप्टेंबर तिथे खरीफचा समुद्र खवळलेला असतो. तो शांत झाला की हौशी लोक होड्या घेऊन निघतात. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा लांब फेकायचा आणि झटके देत पाण्यावरून ओढायचा. या लुअरचे तोंड खोलगट असले की त्याला पॉपर म्हणतात. त्याच्या 'गुडुप गुडुप' आवाजावर मासा धावून येतो, आणि गळ लागताच सरळ खडकाकडे धूम ठोकतो. दोरी खडकाला घासली की खेळ संपला. म्हणून सुरुवातीच्या काही क्षणांत त्याला सैल सोडता येत नाही.

भावाच्या सोबत्यांनी त्याला सल्ला दिला होता की दुकानातला सगळ्यात जाड, सगळ्यात ताठ रॉड घे. मोठा मासा, मोठी काठी. ऐकायला बरोबर वाटते.

या रॉडवर पीई 6, पीई 8, पीई 10 असे आकडे लिहिलेले असतात. हा मूळचा जपानी हिशेब विणलेल्या दोरीच्या जाडीचा आहे. माशाच्या वजनाशी त्याचा थेट संबंध नाही. पीई 8 म्हणजे साधारण पंचेचाळीस किलोच्या ताणाची दोरी पेलणारा रॉड. आता पंचेचाळीस किलोचा ताण हातात धरून होडीत उभा राहणारा मर्द आम्ही तरी पाहिलेला नाही. प्रत्यक्षात रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, आठ-दहा किलोवर ठेवला तरी माणसाची दमछाक होते. जाड दोरी लागते ती खडकाच्या घासणीपुरती.

आम्ही भावाला आधी दुसरा आकडा वाचायला सांगितला, लुअरच्या वजनाचा. रॉड फेकताना लुअरच्या वजनाने मागे वाकतो आणि सुटताना ते वजन पुढे भिरकावतो. दीडशे ग्रॅमसाठी बनवलेल्या रॉडला साठ ग्रॅमचा लुअर लावला तर तो वाकतच नाही आणि सगळी फेक खांद्यातून करावी लागते. मासा दिवसातून एखादा लागतो, किंवा लागतही नाही. फेकी मात्र दीडशे-दोनशे होतात. जाड जोडीत रॉड आणि रीळ मिळून सव्वा किलोच्या वर जातात. कंबर मोडायची तर ती आधी या फेकींनी मोडेल.

बी.एड.ला पाठ घेताना आमच्या वाट्याला तरफेचा धडा आला होता. उर्दूत तरफेला बैरम म्हणतात. तिसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून गळाची काठी आम्ही दरवर्षी फळ्यावर काढतो. टेकू एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला आणि जोर मध्ये. तोच धडा फोनवर घेतला. रॉडचे बूड पोटावरच्या पट्ट्यात टेकलेले, पुढचा हात त्यापासून अर्ध्या मीटरवर, दोरी दोन मीटरवर आडवी ओढतेय. माशाने दहा किलो ओढले तर हाताला चाळीस किलो पेलावे लागतात! रॉड मध्यापर्यंत वाकला आणि ते अंतर सव्वा मीटरवर आले की हिशेब पंचवीस किलोवर उतरतो. ताठ रॉड वाकत नाही, त्यामुळे चाळीसचे चाळीस कमरेवर येतात. अगदीच लेचापेचा घेतला तर तो मुठीपर्यंत वाकून बसतो आणि मासा खडकातून वळवता येत नाही, हेही खरे.

"मग ठरवू कसे?" भाऊ वैतागला.

आम्ही म्हटले, दुकानदाराला विचार, रीळ लावून बघू देतो का. शेंडा हाताने वाकवून बघायचा नाही, कार्बन तिथेच तुटतो. दोरी कड्यांतून ओवायची, टोकाला स्प्रिंगचा काटा बांधायचा, काटा सोबत्याच्या हातात द्यायचा आणि आठ किलोवर ताण ठेवून घड्याळ बघायचे. रॉड फार उभा करायचा नाही, नाहीतर सगळा भार शेंड्यावर जातो.

दुकानदार भला निघाला. पीई 8 वर भाऊ एका मिनिटात मांडीवर हात टेकून उभा राहिला. पीई 6 चा, आठ फुटी, शंभर ग्रॅमच्या आसपासच्या लुअरचा रॉड त्याने चार मिनिटे धरला. तोच घेतला. सोबती हसले. पण होडीवाला जाणता असेल तर मासा लागताच तो होडी खडकापासून दूर घेतो, तेव्हा निम्मे काम इंजिन करते. हे त्या हसणाऱ्यांनाही ठाऊक होते.

अब्बांना या सगळ्याची गंमत वाटे. त्यांनी आयुष्यभर हातातल्या तंगुसावर गरवले. तर्जनीवर त्याचे वळ अजून आहेत. तरफ त्यांच्या बोटातच संपत होती.

मार्चमध्ये भावाचा फोन आला. एकोणीस किलोचा लागला होता. आम्ही आधी कंबरेचे विचारले.

"शाबूत आहे. रात्री शेक घेतला, सकाळी कामावर गेलो."

अब्बांनी आमच्या हातातून फोन घेतला. "मासा काय केला?"

"फोटो काढला आणि सोडला, अब्बा. इथे सगळे सोडतात."

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोन आमच्याकडे देत म्हणाले, "त्याला विचार, तो रॉड विकत घेतला की भाड्याने आणला?"