काकूंचं पेन्शन आणि भिनग्याचे राजेसाहेब

दुर्गाघाटाच्या गल्लीतलं आमचं घर म्हणजे अर्धी धर्मशाळा. पेशवाईत पूर्वज काशीला आले आणि इथलेच झाले. साताऱ्याहून लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिले सहा महिने कोण घरचं आणि कोण यात्रेकरू, हेच मला उमगत नसे. महाराष्ट्रातून कुणी ना कुणी आलेलं असायचंच. गंगास्नान, विश्वनाथ, मग आमच्याकडे वरणभात.

या गर्दीत एक कोपरा मात्र शांत असायचा. तिथं आमचे सासरे, अण्णा, वर्तमानपत्रं कापत बसलेले असत. कापायचे तरी काय? लोकसभेत कुणी काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं! सासूबाई म्हणायच्या, "लोक रामनाम लिहितात, आमच्याकडे हे प्रश्नोत्तर चालतं." मलाही तो त्यांचा छंदच वाटायचा. काकूंचं प्रकरण झालं नसतं तर आजही तसंच वाटलं असतं.

काकू म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची बायको, माझ्या चुलत सासूबाई. काका केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. नोकरीत असतानाच गेले. पदरात दोन मुलं. कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं होतं, ते चार वर्षं मिळालंच नाही. कधी फाइल दुसऱ्या शहरात गेलेली, कधी सेवापुस्तकात एका बदलीची नोंद नाही, कधी साहेब रजेवर. दर महिन्याला काकू पदर सावरून त्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि संध्याकाळी उन्हानं काळवंडून परत यायच्या. "कल आइए, माताजी." चार वर्षांत हे वाक्य त्यांना इतकं पाठ झालं, की थोरला मुलगा खाऊ मागायला आला की त्याही तेच म्हणायच्या. आम्ही हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही. घरात कुणी त्यांना जड मानत नव्हतं. पण स्वतःच्या मुलाची फी दिराकडे मागताना बाईच्या मनाचं काय होतं, हे वाचकांना सांगायला नको.

१९९३ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातले एक खासदार सहकुटुंब काशीला आले आणि गंगापूजेनंतर आमच्याकडे जेवायला आले. मी मनात म्हटलं, आता अण्णा काकूंच्या अर्जावर यांची चिठ्ठी मागणार. आपल्याकडे रीतच आहे ती. अण्णांनी मात्र जेवण झाल्यावर, पान पुढे करताना एक कागद दिला. त्यावर काकूंचं नावच नव्हतं! केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतल्या दिवंगत कर्मचाऱ्यांच्या किती वारसांना एक वर्षाहून अधिक काळ कुटुंब निवृत्तिवेतन मिळालेलं नाही. त्यातले बनारसमधले किती. विलंबाची कारणं काय. आणि ते केव्हापर्यंत मिळेल? एवढाच मजकूर. "हा अतारांकित प्रश्न म्हणून द्यावा," ते म्हणाले.

खासदार गेल्यावर मी न राहवून विचारलं, "अण्णा, काकूंचं नाव का नाही घातलंत?"

"नाव घातलं तर ती ओळख झाली. ओळखीनं एकीचं काम होतं, ते कुणाला कळत नाही आणि उद्या साहेब बदलला की ओळख संपते. शिवाय सभागृहात एका माणसाची खासगी तक्रार सहसा विचारता येत नाही. पण संख्या विचारली, की एकेक फाइल उघडून मोजावी लागते. मोजायची म्हटली की ती सापडते."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे वीस प्रश्न छापले जातात, पण तासाभरात त्यातले थोडेच पुकारले जातात. अतारांकितांचं उत्तर लेखी मिळतं. त्यांची संख्या आता दिवसाला दोनशे तीस आहे. त्यांत भाषण नाही, गलका नाही. म्हणून वर्तमानपत्रं तिकडे फारसं बघत नाहीत. पण लेखी उत्तर म्हणजे सरकारनं सही करून दिलेला कागद. तो चुकीचा निघाला तर मंत्र्याला सभागृहात येऊन दुरुस्ती करावी लागते. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यात तर्क, उपरोध, आरोप, विशेषणं चालत नाहीत. हे ऐकून सासूबाई आतून म्हणाल्या, "म्हणजे टोमणे न मारता विचारायचं! तुम्हाला जमलं कसं?"

अण्णा शिकले उदयप्रताप कॉलेजात, भोजूबीरला. त्या कॉलेजचा अभिमान त्यांना फार, आणि त्यामागचं कारण मला त्या दिवशी कळलं. भिनग्याचे राजे उदयप्रताप सिंह यांनी १९०९ साली तिथं शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. हे बनारसमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. पण हिंदुस्थानच्या कायदेमंडळातला पहिला प्रश्न याच राजेसाहेबांनी विचारला, हे कितीजणांना ठाऊक आहे? १८९२ च्या कायद्यानं सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला आणि १६ फेब्रुवारी १८९३ रोजी राजेसाहेब उभे राहिले. तालुकदार माणूस, स्वतःच्या जमिनींबद्दल, मानमरातबाबद्दल विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं खेड्यातल्या दुकानदारांबद्दल. गोरे साहेब दौऱ्यावर निघाले की छावणीला रसद पुरवावी लागे, आणि त्यात गावच्या वाण्याचे हाल होत. त्या वाण्याची तक्रार थेट लाटसाहेबांच्या सभेत गेली. उत्तरावर उपप्रश्न विचारायची सोय तेव्हा नव्हती. ती १९०९ साली आली, आणि तीही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. आपले गोखले १९०५ साली बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तेही त्याच कायदेमंडळात बसत, आणि सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडायची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे.

"शंभर वर्षं झाली बघ बरोबर," अण्णा म्हणाले. "तेव्हा वाणी होता, आता आपली काकू आहे."

अण्णा भाबडे नव्हते. प्रश्न विकलेही जातात, हे त्यांना माहीत होतं. १९५१ साली मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल मुदगल नावाच्या सभासदावर नेहरूंनी कारवाई सुरू केली होती. त्यांनी आधीच राजीनामा दिला. २००५ साली तर अकरा खासदारांची याच कारणानं हकालपट्टी झाली. ती बातमी वाचायला अण्णा नव्हते, ते बरंच झालं म्हणायचं. पण मुंध्रा प्रकरणही ते सांगत. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशांविषयी लोकसभेत प्रश्न निघाले, फिरोज गांधींनी पाठ सोडली नाही, न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि पुढच्या वर्षी अर्थमंत्री कृष्णमाचारी यांना जावं लागलं.

आमच्या प्रश्नाचं पुढे काय झालं, ते सांगते. दोन महिन्यांनी दिल्लीहून पाकीट आलं. आम्ही सगळे अण्णांभोवती जमलो. उत्तर एका ओळीचं होतं: माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.

माझे तर हातपायच गळाले. काकू काही न बोलता तांदूळ निवडायला बसल्या. अण्णांचा चेहरा मात्र खुलला. "अगं, हे आश्वासन झालं! मंत्र्यानं 'देतो' म्हटलं की ते लिहून ठेवायला सरकारी आश्वासनांची समिती आहे, १९५३ पासून. तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, नाहीतर मुदत मागावी लागते." त्यांनी कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला लाल खूण केली. ती तारीख आली आणि गेली. अण्णांनी खासदारांना पत्र लिहिलं. आणखी दोन महिने गेले. मला कॅलेंडरकडे बघवेना.

श्रावणात एका दुपारी खाली कुणीतरी कडी वाजवली. त्याच कचेरीतला एक कारकून घामाघूम होऊन उभा होता. "माताजी, दिल्ली से पूछा है. दस्तखत चाहिए." जी फाइल चार वर्षं सापडत नव्हती, ती त्याच्या काखेत होती. काकूंनी आधी त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मी असते तर "कल आइए" म्हटलं असतं! दिवाळीपूर्वी थकबाकीसह पैसे आले. काकूंनी अण्णांसमोर मुलांच्या फीचा हिशेब मांडला. अण्णांनी वही मिटून परत दिली. त्यावरून दोघांत जे भांडण झालं ते चांगलं आठवडाभर चाललं.

माझा नातू आता मोबाइलवर मला संसदेतली उत्तरं काढून दाखवतो. सगळी तिथं वाचायला मिळतात. १९८६ साली गंगा शुद्धीकरणाची योजना याच काशीतून सुरू झाली. नाले, पाणी, खर्च यांविषयी तेव्हापासून केवढे प्रश्न विचारले गेले असतील! २०२० साली साथीमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला, तेव्हाही लेखी उत्तरं मात्र चालू राहिली.

त्या वेळी पटलावर ठेवलेलं पूर्ण उत्तर पुढच्या वर्षी आलं. लांबलचक तक्ता होता. अण्णांनी बनारसच्या ओळीवर बोट ठेवून काकूंना आकडा दाखवला. काकूंनी चष्मा लावून तो वाचला.

"यातली एक मी," त्या म्हणाल्या. "बाकीच्या कुठं राहतात, ते नाही का लिहिलेलं?"

ते लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पदर सावरून पुन्हा त्याच कचेरीत गेल्या आणि बाकावर बसलेल्या एका बाईच्या शेजारी जाऊन बसल्या.