घराणे आणि गळा

किशोरीताई आमोणकरांना ‘घराणे’ हा शब्द फारसा मानवत नसे. संगीत एकच असते, त्यात घराण्यांच्या भिंती कशाला, असे त्या मुलाखतींतून अनेकदा सांगत. एखाद्या नवख्या गायिकेने असे म्हटले असते तर कोणी लक्ष दिले नसते. परंतु बोलणारी व्यक्ती जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर यांची कन्या आणि शिष्या होती. ज्या घराण्याच्या नावाने रसिक त्यांना ओळखत होते, त्याच घराण्याविषयी त्या असे बोलत होत्या.

आपल्या व्यापारी कुटुंबांत हा शब्द किती जपून वापरला जातो, ते वाचकांना ठाऊकच आहे. स्थळ पाहताना पहिला प्रश्न घराण्याचा, आणि उधारीवर माल देताना पहिला प्रश्न पेढी किती वर्षांची याचा. म्हणूनच किशोरीताईंचे ते म्हणणे माझ्या मनात वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. संगीताचे शास्त्रशुद्ध शिक्षण मला नाही. जे आहे ते ऐकून ऐकून कानाला लागलेले वळण. परंतु वारसा म्हणजे नेमके काय, त्यातले काय जपावे आणि काय सोडावे, या प्रश्नावर मला हिशेबाच्या पुस्तकांपेक्षा या गायिकेने अधिक विचार करायला लावले आहे.

मी सांगलीचा. आमच्या घरी हळदीची अडत. एम.कॉम. झाल्यावर मी पेढीवर न बसता बँकेची नोकरी धरली, तेव्हा वडील एकच वाक्य बोलले, “दुसऱ्याचे पैसे मोजायला एवढे शिकलास?” त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि बरेच महिने माझ्याशी दुसराही विषय काढला नाही. पेढी थोरल्या बंधूंकडे, म्हणजे आमच्या अण्णांकडे गेली. माझी पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी झाली. शाखा बंद झाल्यावर संध्याकाळ खायला उठे. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे रेकॉर्ड प्लेअर होता. त्यांच्याकडे किशोरीताईंचा भूप प्रथम ऐकला. त्यातली ‘सहेला रे’ ही बंदिश पुढे घरोघरी पोहोचली. मला मात्र त्या आधीचा विलंबित ख्यालच अधिक धरून ठेवीत असे.

या गाण्याचा एक धागा आमच्या सांगलीतून जातो, हे मला फार उशिरा कळले. मोगूबाईंचा जन्म १९०४ साली गोव्यातील कुर्डी या गावी झाला. (ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष अजून वर येतात.) आई लहानपणीच वारली. नाटक मंडळ्यांतून कामे करीत ही मुलगी सांगलीला आली. तेथे तिचा रियाज कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्या कानी पडला, आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकवायला आरंभ केला. पण काही काळाने खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही त्यांच्यामागे मुंबईस गेल्या, तरी तालीम सहजासहजी मिळाली नाही. मधल्या काळात त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. खाँसाहेबांचा गंडा त्यांच्या हाती बांधला गेला तो १९३४ साली. सांगलीतील त्या पहिल्या धड्यापासून मोजले तर जवळजवळ पंधरा वर्षांनी. आज आपण ज्याला ‘वारसा’ म्हणतो तो त्या बाईंना वारशाने मिळालेला नव्हता. त्यांनी तो एकेक पैसा जोडावा तसा जोडला होता.

पुढे पतिनिधनानंतर तीन मुलांचा संसार त्यांनी मैफली आणि शिकवण्या यांवर चालवला. त्या काळी गाणाऱ्या स्त्रीला यजमानांकडून मिळणारी वागणूक कशी असे, ते आईच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या मुलीने पाहिले. प्रवास हलक्या दर्जाचा, उतरण्याची सोय कोणाच्या तरी घरातल्या कोपऱ्यात, आणि बिदागी जेमतेम. किशोरीताई पुढे ‘फार कडक’, ‘लहरी’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. सभागृहात कुजबुज झाली की थांबत, व्यवस्था मनासारखी नसेल तर स्पष्ट सुनावत, मानधनाच्या बाबतीत भीड ठेवत नसत. लोक याला स्वभावदोष म्हणत. मला त्यात आईच्या थकलेल्या येण्याची वसुली दिसते, आणि ती त्यांनी केली ते योग्यच केले असे माझे मत आहे. आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवता आली नाही तर समोरचा ती ठरवतो, हे व्यापाऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

मोगूबाईंच्या शिकवण्याविषयी किशोरीताईंनी सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आई स्थायी आणि अंतरा दोनदाच म्हणून दाखवीत. तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत स्वरांची प्रत्येक वळणे टिपायची. वरवर हा कठोरपणा वाटतो. परंतु विद्यार्थ्याला पन्नास वेळा म्हणून दाखवले तर तो गुरूची नक्कल करतो. दोनदाच ऐकवले तर उरलेले त्याला स्वतःच्या आतून भरून काढावे लागते. मोगूबाईंच्या मनात हा हेतू होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. परिणाम मात्र तसा झाला.

आता त्या घराण्याच्या मुळाशी जाऊ. अल्लादियाखाँच्या घरात धृपदाची जुनी परंपरा होती. त्यांचा तरुणपणीचा आवाज अतिशय तयारीचा होता असे सांगतात. एका संस्थानिकाकडे दिवसेंदिवस सलग गाऊन तो आवाज बसला आणि दीर्घकाळ उघडला नाही. परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. लयीला घट्ट बांधलेली आलापी, वक्र आणि पेचदार ताना, अनवट रागांची आवड, अशी ती गायकी होती. तिलाच आज आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो. म्हणजे ज्याला पुढच्या पिढ्यांनी ‘परंपरा’ म्हणून डोक्यावर घेतले, ते मुळात एका माणसाने स्वतःच्या अडचणीतून काढलेले उत्तर होते. केसरबाई केरकर, मोगूबाई, आणि खाँसाहेबांच्या पुत्रांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर हे तिघेही याच घराण्याचे. तिघांची एकेक ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकावी. तीन स्वतंत्र माणसे समोर उभी राहतात.

नियतीचा खेळ असा, की पंचविशीच्या सुमारास किशोरीताईंचाही आवाज गेला. सुमारे दोन वर्षे त्या गाऊ शकत नव्हत्या. ज्या घरात सकाळ तानपुऱ्याने उजाडते त्या घरात मुक्याने बसणे काय असेल, याची कल्पनाच करावी. त्या काळात त्या मनातल्या मनात गात राहिल्या आणि विचार करीत राहिल्या. पुन्हा गाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या गाण्याचा रोख बदलला होता. अनवट रागांपेक्षा भूप, यमन यांसारखे सर्वपरिचित राग त्यांना अधिक साद घालू लागले. आलापी संथ झाली, मींड लांबली, एका स्वराभोवतीच्या सूक्ष्म श्रुतींवर त्या थांबू लागल्या.

भूपाचेच उदाहरण घ्या. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर. हेच पाच स्वर देसकार रागातही आहेत. पण भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. भांडवल तेच, परंतु मुक्काम कोठे करायचा यावर सारी ओळख. धैवतावर जरा जास्त रेंगाळलात की भूप हातून निसटलाच. किशोरीताई त्या गंधाराकडे ज्या तऱ्हेने परत परत येतात ती घराण्याच्या शिकवणीत बसते की नाही, यावर जाणकारांचे वाद झाले. राग मात्र तसूभरही ढळत नाही. घराण्याची चाकोरी त्यांनी ओलांडली. रागाची मर्यादा नाही. उलट राग म्हणजे एक वातावरण आहे, आणि गाणाऱ्याने आपले कसब बाजूला ठेवून त्या वातावरणात शिरायचे आहे, ही त्यांची धारणा होती. ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात त्यांनी राग आणि रस यांच्या संबंधाचा जो विचार मांडला, तो याच दिशेचा.

सवय कोणती आणि नियम कोणता, हे ओळखण्याचा प्रश्न गेल्या वर्षापासून आमच्याच घरात उभा आहे.

माझ्या पुतण्याला हळद दळून, स्वतःच्या नावाच्या पाकिटांतून विकायची आहे. यंत्रांसाठी कर्ज हवे, कर्जासाठी गोदाम तारण ठेवायला हवे, आणि गोदाम अण्णांच्या नावावर आहे. प्रकल्पाचा अहवाल मी तयार करून दिला. तेवढे काम अजून जमते. अण्णांनी कागद बाजूला सारले. त्यांचा आक्षेप हट्टाचा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. अडत्या हा शेतकऱ्याचा माणूस. त्याने शेतकऱ्याच्या मालाला सौद्यात चढा भाव मिळवून द्यायचा. तोच अडत्या स्वतः माल घेऊ लागला तर भाव पाडण्यात त्याचा फायदा होणार, आणि शेतकरी हे ओळखणार. “ज्यांचा माल हरिपूरच्या पेवांत आमच्या शब्दावर वर्षानुवर्षे पडून राहायचा, त्यांच्या नातवांना मी काय तोंड दाखवू?” असे ते म्हणाले. या प्रश्नाला माझ्या अहवालात रकाना नव्हता.

मी त्यांना आमच्या आजोबांची आठवण करून दिली. पणजोबा खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजार करीत. अडत आजोबांनी सुरू केली, आणि तेव्हा कापड सोडले म्हणून भाऊबंदांत बराच बोभाटा झाला होता. म्हणजे जिला आपण पिढीजात पेढी म्हणतो तीही कोणाची तरी फारकतच होती. अण्णा म्हणाले, “आजोबांनी माल बदलला, शब्द नाही बदलला.”

पुतण्या हे सारे ऐकत होता. दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, आपल्या अडतीवर येणारा एक कट्टाही मी घेणार नाही. दुसऱ्यांच्या सौद्यांतूनच घेईन, आणि तसे लिहून देतो.” त्याने ते खरोखरच लिहून आणले होते. अहवालात ते कलम मी घातले. धंद्याच्या दृष्टीने त्याचा खर्च थोडा वाढेल, हेही आकड्यांत दाखवले.

किशोरीताईंच्या सगळ्याच गाण्यावर माझा सारखा लोभ आहे असे नाही. काही मैफलींत भावाच्या ओढीत आवर्तनाचा बांधेसूदपणा सैल होतो असे मला वाटते, आणि अनवट राग ऐकायचा असेल तर मी आजही मोगूबाईंच्या जुन्या ध्वनिमुद्रणाकडे वळतो. तेथे समेवर येणे म्हणजे तिजोरीचे दार बंद होण्यासारखे असते. परंतु गाणे कशासाठी, या प्रश्नावर मुलगी कोठेच डगमगली नाही. १९६४ च्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी त्या गायल्या, तेव्हा मोगूबाईंना ते मुळीच रुचले नव्हते. ज्या वाटेवर नाव आणि पैसा दोन्ही होते, त्या वाटेने मुलगी पुढे फारशी गेली नाही. गाणे हे करमणुकीसाठी नाही, असे त्या श्रोत्यांच्या तोंडावर सांगत. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे ऐकवायला धैर्य लागते. मी स्वतः त्यांची मैफल एकदा प्रत्यक्ष ऐकली. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत बराच वेळ गेला, मागच्या रांगांतले लोक घड्याळे पाहू लागले, आणि त्या डोळे मिटून खुंटी पिळत राहिल्या. मग षड्ज लागला आणि घड्याळे विसरली गेली.

गेल्या महिन्यात अण्णा दुपारी घरी आले. कागदांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. भूप लावलेला होता, वेळ रागाची नसली तरी. अण्णांना गाण्याचे वेड कधीच नव्हते. चहा होईपर्यंत ते ऐकत बसले आणि म्हणाले, “या बाई एकच ओळ इतक्यांदा का म्हणतात?”

“दर वेळी निराळी म्हणतात,” मी म्हणालो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवीत म्हणाले, “मग पहिल्यापासून लाव.”