कणकुंबीपर्यंत दोरावर

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला निघालं की जांबोटीनंतर दुतर्फा जंगल लागतं. तिथंच आमच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. कणकुंबी जेमतेम तीन किलोमीटर पुढं. मागून आलेल्या ट्रकच्या अण्णांनी जाड दोर काढला.

"कणकुंबीपर्यंत ओढतो. घाट उतरून साखळीला नाही. उतारावर दोर ढिला पडतो, तुमची गाडी सरळ माझ्या ट्रकवर येईल."

आई आणि मुलं ट्रकच्या केबिनमध्ये बसली. स्टेपनीजवळचा हूक काढून मी पुढच्या बंपरमधल्या छिद्रात पिळला. किल्ली 'ऑन'वर ठेवली, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. गिअर न्यूट्रल, चारही इंडिकेटर चालू. (तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर अशी ओढू नका, गिअरबॉक्स जातो, ती उचलूनच न्यायची.)

अण्णांनी दोराजवळ कुणालाच उभं राहू दिलं नाही. झटक्यानं तुटला तर तो चाबकासारखा फिरतो. पहिल्या गिअरमध्ये आधी दोर ताणला, मगच ट्रक पुढं काढला. वेग सायकलपेक्षा जास्त नाही.

इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग जड. ट्रक हळू झाला की पायाचा सगळा जोर लावून ब्रेक दाबायचा, दोर ताठ ठेवायचा. त्या तीन किलोमीटरांत जंगल काही दिसलं नाही, फक्त ट्रकची मागची फळी.

कणकुंबीत मलप्रभा उगम पावते. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला आणि दोर गुंडाळून घाट उतरले. आम्ही मेकॅनिकची वाट पाहत माउलीच्या देवळात बसलो.